फळ गोठवावे की वाइन? उन्हाळ्यातल्या थंड वाइन-पेयाच्या तीन पद्धतींची तुलना

एप्रिल-मेच्या उकाड्यात संध्याकाळी चार माणसे घरी यावयाची असतील आणि त्यांच्यासाठी फळे व वाइन यांचे थंडगार पेय करावयाचे असेल, तर कोणते फळ आणि कोणती वाइन हे ठरवण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे पेयातला गोठलेला भाग कोणता असावा. फळ गोठवून ते थंड वाइनबरोबर मिक्सरमध्ये फिरवता येते. वाइनच गोठवून तिच्यात फळाचा रस मिसळता येतो. किंवा काहीही न वाटता गोठवलेली अख्खी फळे बर्फाच्या खड्यांसारखी ग्लासात सोडता येतात. या तिन्ही पद्धतींनी होणारे पेय चवीला, पोताला आणि कष्टाला इतके वेगळे आहे की एकीची कृती वाचून दुसरीच्या अपेक्षेने करायला घेतले, तर पदरी निराशाच येते.

पाण्याचा बर्फ घालून वाइन थंड करण्याची सोपी पद्धत मी या तुलनेत धरलेली नाही. साडेबारा टक्के मद्यार्काच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये १०० ग्रॅम बर्फ विरघळला की मद्यार्काचे प्रमाण साडेसात टक्क्यांवर येते, आणि तेही एक वेळ चालले असते. परंतु त्याच हिशेबाने वाइनचा आंबटपणा, गंध आणि फळाची गोडीही पातळ होते, आणि शेवटच्या घोटापर्यंत ग्लासात केवळ थंड, फिकट पाणी उरते. ज्या पदार्थाने पेय थंड व्हावयाचे, त्या पदार्थाला स्वतःची चव असली पाहिजे, हाच या साऱ्या खटाटोपाचा आधार आहे.

गोठण्याच्या क्रियेविषयी दोन गोष्टी आधी समजून घेतल्या की पुढची निवड सोपी होते. पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, तर बारा-तेरा टक्के मद्यार्काची वाइन उणे पाच-सहा अंशांच्या आसपास गोठू लागते. घरच्या फ्रीझरचे तापमान साधारण उणे अठरा अंश असते, म्हणून वाइन त्यात गोठते खरी, पण दगडासारखी होत नाही. तिच्यातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि उरलेल्या द्रवात मद्यार्क व साखर एकवटून राहतात, त्यामुळे वाइनचा खडा बोटांनी दाबला तरी चुरतो. दुसरी गोष्ट जिभेची आहे. अतिथंड पदार्थाची गोडी आणि गंध आपल्याला कमी जाणवतात, उलट टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून वाइनमध्ये उतरणाऱ्या घटकाचा, तुरटपणा अधिक बोचतो. म्हणूनच गडद, तुरट रेड वाइन आणि लाकडी पिंपात मुरवलेली व्हाइट वाइन या दोन्ही गोठवण्याच्या कामी येत नाहीत, आणि भारी किमतीची बाटली यासाठी फोडणे म्हणजे तिच्या ज्या सुगंधाचे पैसे मोजले तोच गमावणे होय.

पहिली पद्धत: गोठवलेले फळ आणि थंड वाइन

तीनही पद्धतींत मला सर्वांत भरवशाची वाटते ती हीच, आणि तिच्यासाठी हापूसइतके योग्य फळ दुसरे नाही. आंब्याच्या गरात तंतुमय घटक आणि पेक्टिन भरपूर असल्याने गोठवलेल्या फोडी मिक्सरमध्ये फिरवल्या की त्यांचा खरखरीत चुरा न होता आइस्क्रीमच्या जवळ जाणारा दाट, मऊ गोळा होतो. कलिंगडाचे याच्या नेमके उलट आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्यामुळे त्याचा किसलेल्या बर्फासारखा रवाळ चुरा होतो आणि पाच-सात मिनिटांत वर फेस व खाली पाणी असे दोन थर दिसू लागतात. स्ट्रॉबेरी या दोहोंच्या मध्ये बसते. तिच्यातही पाणी पुष्कळ असते, पण गोठताना तिच्या पेशी फुटतात आणि वितळू लागताच ती रंग व रस सढळपणे सोडते, त्यामुळे पेय देखणे होते. पोतासाठी मात्र तिच्या जोडीला पाव भाग आंबा किंवा अर्धे केळे लागतेच.

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये. या दोन्ही फळांचे हंगाम एकमेकांना जेमतेम शिवतात, कारण चांगली स्ट्रॉबेरी मार्चअखेर ओसरू लागते आणि हापूस एप्रिलात बाजारात स्थिरावतो. ज्यांना मे महिन्यात स्ट्रॉबेरीचे पेय करावयाचे आहे, त्यांनी मार्चमध्येच ती गोठवून ठेवणे इष्ट आहे. धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून, मगच देठ काढून ती ताटात एकमेकींना न चिकटेल अशी पसरावी, चार-पाच तासांनी टणक झाली की पिशवीत भरावी. देठ आधी काढून धुतल्यास फळ आत पाणी पिते, आणि ओली फळे एकदम पिशवीत कोंबल्यास त्यांची एकच वीट होते, जी फोडण्याच्या नादात मिक्सरचे पाते वाकते. आंब्याच्या फोडीही याच रीतीने, सुमारे दोन सेंटिमीटरच्या कराव्यात; फळ पूर्ण पिकलेले पण हाताला घट्ट लागणारे असावे. डब्यातला आमरस वापरण्याचा मोह आवरावा, कारण त्यात बहुधा आधीच साखर असते आणि मग पेयाचा तोल कशानेही सावरत नाही.

पिकलेल्या हापूसमध्ये गोडी आणि गंध उदंड, पण आंबटपणा थोडा, म्हणून त्याला आंबट कण्याची वाइन हवी. नाशिकची शेनिन ब्लाँ येथे उत्तम बसते. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँच्या वेली लावल्या आणि २००० मध्ये त्यांच्या सुला या कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. तेव्हापासून शेनिन ब्लाँ ही आपल्याकडे सहज मिळणारी, हलक्या गोडीची आणि परवडणारी व्हाइट वाइन झाली आहे. सोव्हिन्याँ ब्लाँ अधिक कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, आणि हिरव्या, गवती गंधाची असते; ती हापूसशी भांडते, परंतु अननसाबरोबर किंवा कलिंगड-पुदिन्याबरोबर तिच्याइतकी खुलणारी वाइन नाही. हापूससाठी सोव्हिन्याँ आणि कलिंगडासाठी शेनिन अशी उलटी जोडी लावली की दोन्ही पेये सपक होतात, हे मी करून पाहिले आहे.

प्रमाण सोपे आहे. दोन ग्लासांसाठी २५० ग्रॅम गोठवलेल्या फोडी, २५० मिलिलिटर फ्रीजमध्ये थंड केलेली वाइन, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. फोडी बाहेर काढून पाच मिनिटे तशाच ठेवाव्यात, भांड्यात आधी वाइन ओतावी आणि मग फोडी टाकाव्यात. चटणीचे छोटे भांडे न घेता रसाचे मोठे भांडे घ्यावे. सुरुवातीला खडखड होते, मग पात्याभोवती पोकळी तयार होते आणि वरच्या फोडी जागच्या जागी अडून राहतात, तर मोटारीचा आवाज मात्र हलका होऊन चढतो. हा आवाज ऐकू आला की ताबडतोब मिक्सर बंद करून उलथन्याने फोडी खाली ढकलाव्यात, कारण त्या अवस्थेत तसेच फिरवत राहिल्यास मोटार तापते आणि ती ऊब थेट पेयात उतरते. तीन-चार झटक्यांत काम झाले पाहिजे. चमच्याने उचलल्यावर क्षणभर थांबून मग ओघळणारे पेय योग्य झाले असे समजावे.

दुसरी पद्धत: गोठवलेली वाइन

वाइनच गोठवून केलेल्या गुलाबी पेयाला फ्रोझे म्हणतात आणि २०१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधून त्याची लाट सगळीकडे पसरली. बारमध्ये ते ज्या सतत घुसळणाऱ्या यंत्रातून मिळते, त्या यंत्राची परंपरा अमेरिकेतल्या डॅलस शहरापर्यंत जाते. तिथे १९७१ मध्ये मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट आइस्क्रीमचे यंत्र बदलून त्यातून गोठवलेली मार्गारिटा, म्हणजे टकीला व लिंबाचे मद्यपेय, काढली, आणि ते यंत्र आज स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालयाच्या संग्रहात आहे. यंत्र अखंड फिरत असल्याने स्फटिक मोठे होत नाहीत. घरी ही सोय नसते, आणि या पद्धतीच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

येथे रोझे, म्हणजे गुलाबी वाइन रुंद, उथळ स्टीलच्या डब्यात किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये आदल्या रात्रीच गोठवावी लागते. वेगळ्या भांड्यात २०० ग्रॅम स्ट्रॉबेरी ८० ग्रॅम साखरेत अर्धा तास मुरवून, दोन लिंबांचा रस घालून, वाटून गाळून घ्यावी आणि मग गोठलेल्या एका बाटलीच्या वाइनबरोबर ती मिक्सरमधून काढावी. साखर इतकी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु थंडीने गोडी दबते आणि गोठल्यावर रोझेचा फिकट रंगही पांढुरका दिसतो, त्यामुळे फळाचा हा दाट रस टाळता येत नाही. रोझे निवडताना गडद गुलाबी रंगाची, झिनफँडेलसारख्या द्राक्षाची घ्यावी. अगदी फिकट, नाजूक रोझे या कामात हरवून जाते.

या पेयात वाइनची चव सर्वांत ठळक राहते, कारण फळाचा वाटा कमी असतो, आणि ज्यांना फळाच्या लगद्यापेक्षा वाइनच प्रिय आहे त्यांनी हीच पद्धत घ्यावी. उणे बाजूही स्पष्ट आहे. एक रात्र आधी ठरवावे लागते, ते फार लवकर वितळते, आणि सर्व पाहुणे एकाच वेळी हजर असावे लागतात. वाइन बाटलीसह फ्रीझरमध्ये ठेवून वेळ वाचवू नये. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. गेल्या मे महिन्यात मी घाईने एक बाटली आडवी ठेवली आणि ती काढायची राहून गेली. सकाळी बूच निम्मे बाहेर सरकले होते आणि खालच्या कप्प्यातल्या मटारांच्या पिशव्यांवर गुलाबी थर चढला होता. फेसाळत्या वाइनच्या बाबतीत हाच प्रकार काच फुटण्यापर्यंत जातो, म्हणून ती फ्रीझरमध्येही ठेवू नये आणि बंद झाकणाच्या मिक्सरमध्येही घालू नये. तिला वेगळी वाट आहे. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीचच्या गरावर प्रोसेक्को ही इटलीची फेसाळती वाइन ओतून बेलिनी नावाचे पेय केले. त्याच धर्तीवर ग्लासात चार चमचे थंड हापूसचा गर घेऊन, वरून फेसाळती वाइन सावकाश ओतून, एकदाच चमचा फिरवावा.

तिसरी पद्धत: अख्खी फळेच बर्फ म्हणून

माणसे दहा-बारा असतील आणि ती पुढे-मागे येणार असतील, तर पहिल्या दोन्ही पद्धती यजमानाला स्वयंपाकघरात अडकवून ठेवतात. अशा वेळी बिनबियांची द्राक्षे धुऊन, पुसून, रात्रभर गोठवावीत आणि थंड वाइनच्या ग्लासात सात-आठ टाकावीत. सालीमुळे द्राक्षाचा आकार टिकतो, रस वाइनमध्ये फारसा उतरत नाही, आणि वाइन संपल्यावर अर्धवट गोठलेले द्राक्ष खायला मिळते, तो या पेयाचा सर्वांत चांगला भाग आहे. हे पेय केवळ थंड होते, बर्फाळ होत नाही, म्हणून हलकी रेड वाइनही येथे चालते. संत्र्याच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी आणि थोडी दालचिनी घातली की आपण सांग्रियाच्या, म्हणजे फळे घातलेल्या स्पॅनिश वाइन-पेयाच्या, घरात येतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार बाटलीवर नुसते ‘सांग्रिया’ असे विक्रीनाम स्पेन किंवा पोर्तुगालमध्ये बनलेल्या पेयालाच लावता येते. आपल्या घरच्या मोठ्या जगमधल्या पेयाला अर्थातच ते बंधन नाही. गोव्यात मिळणारी गोड पोर्ट वाइनही या पद्धतीत चांगली लागते, मात्र तेव्हा फळे आंबट घ्यावीत आणि वरून साखर घालू नये.

निवड करताना मी पुढीलप्रमाणे सुचवेन. दोन ते चार माणसे, साधा मिक्सर आणि घरात आंबा असेल तर पहिली पद्धत. आदल्या दिवशी तयारी करण्याची सवड असून पेयात वाइन ठळक हवी असेल तर दुसरी. मोठी मंडळी असतील, किंवा मिक्सरचा आवाज नको असेल, तर तिसरी. पहिल्यांदाच करणाऱ्याने फ्रोझेने सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते बिघडले तर सावरायला वेळच उरत नाही, तर आंब्याचे पेय पातळ झाल्यास मूठभर फोडी आणि दाट झाल्यास दोन घोट वाइन घालून जागच्या जागी दुरुस्त करता येते.

एक गोष्ट तिन्हींना लागू आहे आणि ती काळजीपूर्वक पाळावी. पहिल्या पद्धतीच्या एका ग्लासात १२५ मिलिलिटर वाइन असते आणि दुसऱ्या पद्धतीत एका बाटलीचे पाच ग्लास केले तर प्रत्येकात १५०; हे प्रमाण वाइनच्या भरल्या ग्लासाएवढेच आहे, परंतु थंडी आणि गोडी यांमुळे ते जाणवत नाही आणि सरबतासारखे भराभर प्यायले जाते. त्यातच मद्यार्कामुळे शरीरातले पाणी अधिक बाहेर टाकले जाते, म्हणून उन्हातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या हाती आधी पाण्याचा तांब्या द्यावा, प्रत्येक ग्लासामागे तेवढेच पाणी प्यायला लावावे, आणि गाडी चालवत परत जाणाऱ्याला हे पेय देऊच नये.

ग्लास अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि पेय पाहुणे बसल्यावरच फिरवावे. शेवटी भांड्यात काही उरलेच, तर ते उथळ डब्यात ओतून पुन्हा गोठवावे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काट्याच्या चमच्याने खरवडले की त्याचा मऊ भुगा होतो, आणि आंब्याच्या पेयाचा असा भुगा वर लिंबाची किसलेली साल भुरभुरून वाटीतून खायला दिला, तर तो मूळ पेयापेक्षाही अधिक आवडणारी माणसे माझ्या घरात आहेत.