एनएसई, एस-१०० बी की एनएफएल? हृदय पुन्हा सुरू झाल्यावर कोणती रक्तचाचणी करावी

सीपीआर देऊन हृदय सुरू झालं, पण पेशंट डोळे उघडत नाही. आता घोर मेंदूचा असतो. ट्रोपोनिनचे आकडे हृदयाच्या स्नायूचं नुकसान सांगतात, मेंदूबद्दल काहीच नाही. त्यासाठी मेंदूच्या पेशी फुटल्यावर रक्तात उतरणारी प्रथिनं मोजतात. डॉक्टरांनी चाचणी सुचवली, तर बहुधा या तिघांपैकीच एक असेल.

एनएसई हे चेतापेशींतलं विकर. २०२१च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत हेच आहे: ४८ किंवा ७२ तासांनी ६० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या वर गेलं, तर ते वाईट लक्षण. ७२ तासांत १७च्या खाली राहिलं, तर आशेला जागा. पूर्वी ३३ हीच रेघ मानत. पेशंटचं तापमान उतरवून ठेवण्याचे उपचार आले आणि ती रेघ ओलांडलेलेही काही जण शुद्धीवर आले, म्हणून ती पुसावी लागली.

एनएसईची खोट ट्यूबमध्येच दिसते. तांबड्या पेशींतही ते भरपूर असतं. सेंट्रिफ्यूज यंत्रात रक्त फिरवल्यावर वर येणारं पाणी, म्हणजे सीरम, पिवळसर हवं. त्याला गुलाबी झाक असेल, तर पेशी फुटल्या आहेत आणि आकडा फुगलेला आहे. सुई नीट लागली नाही म्हणूनही असं होतं. पेशंट एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या यंत्रावर) असेल, तर शरीरातच पेशी फुटत असतात. काही कॅन्सरमध्येही ते वाढतं.

एस-१०० बी हे मेंदूतल्या आधारपेशींतलं प्रथिन. ते रक्तात तासा-दोन तासांतच निम्मं होतं, म्हणून पहिल्याच दिवशी काय ते कळतं. शिवाय ते चरबीत आणि स्नायूंतही असतं, आणि सीपीआरमध्ये छाती दाबली जातेच. मी यावर पैसे घालणार नाही.

एनएफएल हा चेतातंतूंचा भाग. २०१९मध्ये टीटीएम या तापमान उतरवण्याच्या उपचारावरच्या अभ्यासातल्या ७१७ पेशंटांच्या रक्तात तो तपासला, तेव्हा २४ तासांनंतरच त्याने बाकीच्या दोघांना मागे टाकलं. तांबड्या पेशींची भानगडही नाही. मात्र तो पिकोग्रॅममध्ये मोजावा लागतो, त्याला खास मशीन लागतं. वयानुसार किंवा आधीचा स्ट्रोक, डिमेन्शिया असेल तरी तो वाढलेला असतो, आणि सर्वमान्य रेघ अजून ठरलेली नाही. रिपोर्ट आठवड्याने येणार असेल, तर इथे त्याचा उपयोग काय?

म्हणून आज निवडायचंच झालं तर एनएसई, तेही २४, ४८ आणि ७२ तासांनी, एकाच लॅबमध्ये. आकडा चढतोय की उतरतोय हे एकट्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतं. ६०च्या वर गेला म्हणून लगेच व्हेंटिलेटर काढायचा विषय कुणी काढला, तर थांबवा. झोपेची औषधं उतरल्यावर ७२ तासांनीही पेशंट बेशुद्धच असेल, तरच हा हिशोब सुरू होतो, आणि डोळ्यांच्या बाहुल्या, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख), एसएसईपी (हाताच्या नसेला दिलेला विजेचा इशारा मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणं), सीटी किंवा एमआरआय यांपैकी निदान आणखी एकाने तेच सांगायला हवं. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: झोपेचं औषध कधी बंद केलं, आणि सॅम्पल गुलाबी होतं का?