पाण्याखालचा पिंगर: ३० दिवसांचा की ९० दिवसांचा?

पिंगर म्हणजे विमानाच्या ब्लॅक बॉक्सला (उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या रेकॉर्डरला) अडकवलेलं, आवाज देणारं यंत्र. ही वीतभरही नसलेली नळकांडी पाण्यात पडली की स्विच ओला होऊन चालू होते आणि साधारण सेकंदाला एक ‘टिक’ देते, ३७.५ किलोहर्ट्झवर. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, हायड्रोफोनच, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोनच लागतो.

जुन्या मॉडेलची बॅटरी ३० दिवस चालते. ते अपुरंच. एअर फ्रान्स ४४७ हे विमान जून २००९ मध्ये अटलांटिकमध्ये कोसळलं. रेकॉर्डर मे २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवरून निघाले. आवाजाचा पल्ला जेमतेम दोन-तीन किलोमीटर, म्हणजे जहाजावरून कान लावून उपयोग नाही; हायड्रोफोन खोल ओढत न्यावा लागतो. ९० दिवसांच्या मॉडेलने वेळ वाढतो, पल्ला नाही. त्यासाठी विमानाच्या सांगाड्याला लावायचा ८.८ किलोहर्ट्झचा वेगळा पिंगर घ्यावा. कमी वारंवारतेचा आवाज पाण्यात लांब जातो.

देखभाल सोपी, म्हणूनच राहून जाते. स्विचची टोकं पुसून कोरडी ठेवा, टेस्टरने आवाज तपासा आणि बॅटरीची तारीख बघाच. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच३७० विमान मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालं, तेव्हा डेटा रेकॉर्डरच्या पिंगरची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती!