रोव्हर ३.५ लिटर सलून, म्हणजे सेडान गाडी (पी५बी), १९७० चं मॉडेल : एक हिवाळा नि एक उन्हाळा वापरून झाल्यावर

ही जुनी गाडी कशी आहे असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तरच लिहितो. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो आणि गाडीही इथलीच, सॉलिहलच्या कारखान्यात बनलेली. तो कारखाना आज जॅग्वार लँड रोव्हरचा, म्हणजे पर्यायाने आपल्या टाटांचाच, आणि रोव्हर हे नावसुद्धा त्यांच्याच ताब्यात आहे, फक्त त्या नावाची गाडी आता कोणी बनवत नाही.

थोडी पार्श्वभूमी. रोव्हरची पी५ ही गाडी आली १९५८ ला, ३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दिसायला भारदस्त पण पळायला आळशी. मग रोव्हरचे व्यवस्थापकीय संचालक विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत विस्कॉन्सिनला मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत गेलेले असताना त्यांच्या नजरेला जनरल मोटर्सच्या ब्यूक ब्रँडचं अॅल्युमिनियमचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन पडलं, जे जनरल मोटर्सने दोन-तीन वर्षांतच बंद करून टाकलं होतं. रोव्हरने त्याचे हक्क मिळवले आणि १९६७ ला ते ३५२८ सीसीचं इंजिन पी५ मध्ये बसवलं, नावातला बी ब्यूकचा. हेच इंजिन पुढे रेंज रोव्हरमध्ये गेलं. पी५बी १९७३ ला बंद झाली पण सरकारने शेवटच्या काही गाड्या घेऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे मे १९७९ मध्ये निवडणूक जिंकून थॅचरबाई डाउनिंग स्ट्रीटला आल्या त्या याच मॉडेलमधून. त्याआधीचे पंतप्रधान विल्सन, हीथ, कॅलहॅन, सगळे यातच फिरले.

आता माझ्या गाडीचं. बर्न्ट ग्रे रंग, वर सिल्व्हर बर्चचं छत. मी ती घेतली ती कागदांच्या जोरावर. १९७४ ला गाड्यांची नोंदणी स्वॉन्सीच्या केंद्रीय कार्यालयाकडे जायच्या आधीचं जुनं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, सोबत होतं, त्यात पहिला मालक एक कंपनी, डायरेक्टर साहेबांसाठी घेतलेली गाडी. मग एक डॉक्टर, ज्यांनी कित्येक वर्षं ती रोज चालवली, त्यांच्या काळातली ऑइल बदलल्याची, ब्रेक पॅडची, अगदी वायपरच्या रबराची सुद्धा बिलं फायलीत लावलेली. तिसरे गृहस्थ गाडीवर भलतंच प्रेम करणारे, गॅरेजमध्ये कव्हर घालून ठेवायचे. आणि चौथ्याने विकायच्या आधी रंग मारला, क्रोम चमकवलं, सीटचं लेदर नवं केलं.

मजा अशी आहे की एमओटीच्या, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या फिटनेस तपासणीच्या कागदांवर मैल लिहिलेले असतात. ते कागद तारखेने लावून बघितले तर डॉक्टरांच्या काळात गाडी भरपूर पळालीये आणि गंजाची तक्रार जवळपास नाही. तिसऱ्या मालकाकडे मैल पुढे सरकतच नाहीत, आणि तिथूनच सिल (दारांखालचा पत्र्याचा लांब पोकळ भाग), स्प्रिंग हँगर (स्प्रिंग अडकवायची जागा), जॅकिंग पॉइंट (जॅक लावायची जागा) असे गंजाचे शेरे सुरू होतात. ओलसर गॅरेज, वर न श्वास घेणारं कव्हर, आत पाणी धरून बसलेलं कार्पेट, गाडी जागेवर सडली बघा. लोक जाहिरातीत मोठ्या अभिमानाने लिहितात की फार कमी चाललेली, जपून ठेवलेली, मला आता ते वाचलं की आधी शंका येते.

हे माहीत असल्यामुळे घेतानाच मी भाव पाडून घेतला आणि सिलचं काम धरूनच चाललो होतो. वेल्डर साठीतला माणूस, बोलणं कमी. त्याने सिलवरून लोहचुंबक फिरवलं, दाराच्या मधल्या खांबाखाली ते चिकटलं आणि मागच्या चाकाकडे सरकवलं की गळून पडलं. तिथे ग्राइंडर लावला तर काळ्या अंडरसीलखाली, म्हणजे गाडीच्या पोटाला मारतात त्या गंजरोधक लेपाखाली, फायबरग्लासचं कापड, त्याखाली पत्र्याचा तुकडा जुन्या गंजावरच ठिगळ मारलेला, आणि त्याखाली काहीच नाही, सरळ जमीन दिसत होती. कुठल्या गॅरेजने केलं देव जाणे, पण पैसे मात्र पूर्ण घेतले असणार. या गाडीला वेगळी चासी नाही, सिलवरच सगळा भार, म्हणून त्याने दारं न काढता, आतून आडवे पाइप टाकून, थोडं थोडं कापत दोन्ही बाजूचे आतले-बाहेरचे सिल बदलले. दर थोड्या वेळाने दार उघडून बंद करायचा, फट बघायचा, मग पुढे. गाडी रंगवायला येतो त्याच्या तिप्पट खर्च या न दिसणाऱ्या कामाला गेला.

चालवायला कशी? पॉवर स्टिअरिंग इतकं हलकं की सुरुवातीला रस्ता जाणवतच नाही, सवय होते. बोर्ग-वॉर्नरचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक सावकाश बदलतो, त्याला घाई केलेली आवडत नाही. मोटरवेवर ७० मैलांना अजून एक गिअर हवा होता असं दर वेळी वाटतं. पण पन्नास-साठच्या स्पीडने गावाकडच्या रस्त्यांना जो आराम आहे तो नव्या गाड्यांत नाही. नाशिकहून आई आली होती, मागे बसून म्हणाली, "अरे, ही तर अॅम्बॅसिडरची श्रीमंत मावशी वाटते!" डॅशबोर्डखाली एक ट्रे बाहेर ओढला जातो, त्यात स्पॅनर, पक्कड, प्लगचा पाना, प्रत्येकाला आपापला खाचा. तो ट्रे बघायला पेट्रोल पंपावर माणसं जमतात.

पेट्रोल पिते. मोटरवेवर गॅलनला वीस मैलांच्या आत-बाहेर, शहरात पंधरा म्हणजे नशीब. कम्प्रेशन जास्त आहे त्यामुळे महागडं सुपर पेट्रोलच घालायचं, शिवाय साध्या ई१० पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना खातं, मी ते सगळे पाइप बदलून टाकले. इंजिन अॅल्युमिनियमचं, म्हणून कूलंटमध्ये गंजरोधक असलेलं अँटिफ्रीझ बारा महिने पाहिजेच, नुसतं पाणी घालणाऱ्याची वाट लागते. ऑइल वेळेवर बदललं नाही तर कॅमशाफ्ट झिजतो. चाळीस वर्षांवरची गाडी असल्याने रोड टॅक्स नाही, एमओटीची सक्तीही नाही, तरी मी दरवर्षी करून घेणार आहे, कारण कोणीतरी दुसऱ्याने खालून बघितलेलं बरं.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, लोक म्हणतात गाडी आत ठेव. मी बाहेर काढतो, आणि घरी आल्यावर खालून पाण्याने धुतो, मग दारं उघडी टाकून वाळू देतो.

याच गाडीचा दुसरा प्रकार, कूपे, घ्यावी का असं एकाने विचारलंय. छत खाली आहे, दिसायला फारच देखणी, किंमतही जास्त, पण मागे बसणाऱ्या उंच माणसाचं डोकं लागतं. घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर सलूनच बघा, आणि जिथे बघायला जाल तिथे आधी कार्पेट उचलायला सांगा. मालक कां-कूं करायला लागला तर चहा पिऊन परत या.