क्लिफ रिचर्डचे चित्रपट डीव्हीडी किंवा ब्लू-रेवर घ्यायचे असतील तर

ब्रिटिश पॉप गायक क्लिफ रिचर्ड नट म्हणून कसा होता हे एकाच चित्रपटातून पाहायचे असेल तर ‘एक्सप्रेसो बोंगो’ (१९५९) निवडावा. घरात मुलाबाळांसह पुन्हा पुन्हा लावायला एकच डिस्क हवी असेल तर ‘समर हॉलिडे’ (१९६३) घ्यावी. ‘द यंग वन्स’ (१९६१) नाच आणि गाण्यांसाठी जरूर. ‘वंडरफुल लाइफ’ (१९६४) संचात आलाच तर ठेवावा, त्याच्यासाठी वेगळे पैसे घालू नयेत. यापुढचे जे काही आहे ते या शिफारशींमागची कारणे आणि खरेदी करताना हमखास होणाऱ्या घोटाळ्यांबद्दल.

आधी त्याची पार्श्वभूमी थोडी माहीत हवी, नाहीतर पडद्यावर त्याला असा का दाखवला आहे ते कळत नाही. हॅरी वेब या नावाने तो १४ ऑक्टोबर १९४० रोजी लखनौला जन्मला. वडील रेल्वेला खानपान पुरवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. १९४८ मध्ये हे कुटुंब मुंबईहून ‘रांची’ बोटीने इंग्लंडला गेले आणि पुढे लंडनच्या उत्तरेला चेसंटमध्ये स्थिरावले. शाळा संपल्यावर पोरगा दिव्यांच्या कारखान्यात कारकुनी करत होता आणि संध्याकाळी लंडनच्या सोहो भागातल्या कॉफी बारमध्ये गात होता. ऑगस्ट १९५८ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड आली. कंपनीचा भरवसा होता ‘स्कूलबॉय क्रश’वर. ‘मूव्ह इट’ हे मागच्या बाजूचे गाणे होते. टीव्ही निर्माता जॅक गुड याने ती रेकॉर्ड उलटवली आणि मागची बाजूच उचलून धरली. आपल्या ‘ओह बॉय!’ या कार्यक्रमात घेण्यापूर्वी त्याने या मुलाचे कल्ले उतरवायला लावले आणि हातातली गिटार काढून घेतली, म्हणजे तो एल्विसची नक्कल वाटू नये. ‘मूव्ह इट’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. गिटार नसलेले मोकळे हात, तिरपी नजर, शरीर जवळजवळ स्थिर: कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची त्याची ही पद्धत तिथे तयार झाली, आणि पुढच्या प्रत्येक चित्रपटात ती दिसते.

पहिला चित्रपट ‘सीरियस चार्ज’ (१९५९). दिग्दर्शक टेरेन्स यंग, ज्याने पुढे पहिला बाँडपट केला. नायक आहे अँथनी क्वेल. क्लिफचे काम छोटे आहे, त्यामुळे त्याच्या नावाकडे पाहून डिस्क घेतली तर निराशा होईल. मात्र ‘लिव्हिंग डॉल’ कानाला परिचित असेल तर इथे ते आवर्जून ऐका. लायनेल बार्टचे हे गाणे चित्रपटात बऱ्यापैकी जलद आहे. रेकॉर्डसाठी त्याच्या साथीच्या बँडमधला गिटारवादक ब्रूस वेल्च याने ते संथ करायचे सुचवले, आणि ती संथ चालच पहिल्या क्रमांकावर गेली.

‘एक्सप्रेसो बोंगो’ त्याच वर्षी आला आणि तो फार वरच्या दर्जाचा आहे. वुल्फ मॅनकोविट्झच्या रंगमंचीय संगीतिकेवरून व्हॅल गेस्टने तो केला. सोहोतला एक भुकेला एजंट, जॉनी जॅक्सन (लॉरेन्स हार्वे), कॉफी बारमध्ये बोंगो वाजवणाऱ्या बर्ट रज नावाच्या पोराला हेरतो, त्याचे नाव बोंगो हर्बर्ट ठेवतो आणि मिळकतीतला निम्मा वाटा स्वतःच्या नावे लिहून घेतो. पुढे एक वयाने मोठी अमेरिकन गायिका (योलांड डॉनलन) त्या पोराला या करारातून सोडवते, कारण सही करताना तो अल्पवयीन होता. म्हणजे काल-परवा प्रसिद्ध झालेला एकोणीस वर्षांचा गायक, प्रसिद्ध कसे ‘केले जाते’ हे उघडे पाडणाऱ्या गोष्टीत स्वतःसारख्याच मुलाचे काम करतो आहे. हार्वे अखंड बोलत राहतो, हातवारे करतो. क्लिफ जवळजवळ काहीच करत नाही, आणि नेमके तेच या भूमिकेला हवे आहे: आपल्याभोवती चाललेला सौदा या पोराला किती कळतो आहे याचा प्रेक्षकाला शेवटपर्यंत अंदाज येऊ नये. ‘श्राइन ऑन द सेकंड फ्लोअर’ हे आईवरचे भक्तिगीत तो ज्या गंभीरपणाने गातो ते पाहा. लिहिणाऱ्याने ते बाजारू श्रद्धेची खिल्ली उडवायला लिहिले, पण गाणारा ते मनापासून गातो, म्हणून त्या प्रसंगाला धार येते. ‘अ व्हॉइस इन द वाइल्डरनेस’ तर त्याच्या उत्तम गाण्यांपैकी एक आहे. याच्याइतकी चांगली भूमिका त्याला पुढे कुणी लिहून दिली नाही, हे या कारकिर्दीबद्दलचे सर्वांत मोठे दुःख.

हा चित्रपट घेताना लांबी तपासावी लागते. क्लिफची लोकप्रियता वाढल्यावर १९६२ मध्ये तो कापून पुन्हा प्रदर्शित केला गेला. मूळ लांबी १११ मिनिटे आहे. पण डीव्हीडीच्या खोक्यावर १०६ किंवा १०७ लिहिलेले दिसले म्हणून लगेच ती कापलेली आवृत्ती समजू नका. ब्रिटिश डीव्हीडी पॅल या टीव्ही पद्धतीची असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पॅलमध्ये २५ चौकटींनी चालतो, त्यामुळे तो सुमारे ४ टक्के लवकर संपतो. १११ मिनिटांची १०६ ते १०७ होतात ती अशी. ब्लू-रेवर मूळ २४ चौकटी राहतात, तिथे मात्र आकडा १११च्या आसपास असायला हवा.

हा हिशेब गाण्यांच्या चित्रपटात फार महत्त्वाचा, कारण वेगाबरोबर सूरही चढतो. २५ भागिले २४ म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे ७० टक्के. पांढरी एकमधले गाणे काळी एकच्या जवळ जाते पण तिथे पोचत नाही, आणि दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागते. कान तयार असेल तर क्लिफचा आवाज किंचित पातळ आणि पोरसवदा वाटतो. काही कंपन्या सूर दुरुस्त करून मूळ पट्टीत आणतात, पण लय तरीही जलदच राहते. गाण्यांसाठी घेत असाल आणि निवड असेल, तर ब्लू-रे घ्या.

आता क्षेत्र-क्रमांक, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारा क्रमांक. ब्रिटनची डीव्हीडी क्षेत्र २ ची, भारतातले प्लेअर क्षेत्र ५ चे. ब्लू-रेमध्ये ब्रिटन ‘बी’ आणि भारत ‘सी’. पॅल डिस्क टीव्हीवर दिसेल का हा प्रश्न आपल्याकडे येत नाही, कारण भारतातही पॅलच आहे, पण क्षेत्राचे कुलूप लागू शकते. सर्वक्षेत्री प्लेअर असेल तर चिंता नाही. डीव्हीडीसाठी बऱ्याच प्लेअरचे कुलूप रिमोटवरून काढता येते, ब्लू-रेचे सहसा नाही. संगणकाच्या ड्राइव्हवर क्षेत्र बदलायची संधी साधारण पाच वेळाच मिळते आणि शेवटचे क्षेत्र कायमचे बसते, म्हणून तिथे प्रयोग करू नका. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना दोन्ही अडचणी येतात: क्षेत्र १ आणि टीव्ही एनटीएससी पद्धतीचा. त्यांनी पॅल वाचणारा प्लेअर आहे ना ते आधी पाहावे.

‘द यंग वन्स’पासून निर्माता केनेथ हार्परने नवा साचा घेतला. सिडनी फ्युरी दिग्दर्शक, नृत्ये हर्बर्ट रॉसची, मूळ नाट्यगीते पीटर मायर्स आणि रोनाल्ड कास यांची, भोवती त्याच्या साथीचा बँड शॅडोज. बड्या बिल्डरचा मुलगा निकी आपल्या युथ क्लबची जागा वाचवायला वडिलांविरुद्धच उभा राहतो. वडील झालेला रॉबर्ट मॉर्ली सगळ्यांना पुरून उरतो, आणि त्याच्यासमोरच्या प्रसंगांत क्लिफ पहिल्यांदा सहज संवाद बोलताना दिसतो. चित्रपटाचा दुबळा भाग म्हणजे जुन्या संगीत-रंगभूमीच्या ढंगातली लांब नृत्यमालिका. नर्तक कसलेले आहेत, पण क्लिफ त्यांच्यात मोजून पावले टाकतो आहे हे कळते. उलट ‘वुई से येह’ सुरू झाले की तो आपल्या घरी परततो. शीर्षकगीताच्या रेकॉर्डला बाजारात येण्याआधीच पाच लाखांवर मागणी नोंदली गेली होती आणि जानेवारी १९६२ मध्ये ती थेट पहिल्या क्रमांकावर उतरली. नायिका कॅरोल ग्रे हिला पार्श्वगायन आहे, आवाज ग्राझिना फ्रेमचा. ‘समर हॉलिडे’तल्या लॉरी पीटर्सलाही तोच आवाज दिला आहे. आपल्या प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही, पण श्रेयनामावलीत आवाज शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. अमेरिकेत हा चित्रपट ‘इट्स वंडरफुल टू बी यंग!’ या नावाने लागला आणि तिथे बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचे वेगळे शीर्षकगीत आहे. डिस्कवर ते नाव दिसले तर ती वेगळी आवृत्ती समजावी.

‘समर हॉलिडे’ लावल्यावर पहिली काही मिनिटे चित्र काळे-पांढरे दिसते: इंग्लंडचा समुद्रकिनारा, पाऊस, भिजलेले बँडवाले. डिस्क बिघडली असे समजून परत करू नका. लाल डबलडेकर येते आणि पडदा रंगीत होतो, ती योजनाच तशी आहे. लंडन ट्रान्सपोर्टचा मेकॅनिक डॉन आणि त्याचे मित्र एक आरटी जातीची बस फिरते घर बनवून युरोपातून अथेन्सपर्यंत नेतात. दिग्दर्शक पीटर येट्सचा हा पहिलाच चित्रपट. मोटारींच्या पाठलागासाठी गाजलेला ‘बुलिट’ त्याने पाच वर्षांनी केला, आणि वाहन वळणावर कसे दाखवायचे याची त्याची जाण इथेच दिसते. बसला एखाद्या पात्रासारखे वागवले आहे: तिच्या वरच्या मजल्यावर, पायरीवर, चालकाच्या खोपटात प्रत्येक गाण्याला जागा मिळाली आहे. ऊना स्टब्ज आणि मेल्विन हेज विनोदाची बाजू सांभाळतात, त्यामुळे क्लिफवर संवादांचा भार कमी पडतो. साचा तोच, पण इथे तो त्याच्या मापाने शिवला आहे.

‘बॅचलर बॉय’ नंतर जोडले आहे. चित्रपट लांबीला कमी पडला म्हणून ते एल्स्ट्री स्टुडिओत चित्रित केले. आधीच्या प्रसंगातला खरा सूर्यप्रकाश आणि या गाण्यातला दिव्यांचा उजेड यांत फरक पडतो तो त्यामुळे. हे गाणे क्लिफ आणि ब्रूस वेल्च यांनी मिळून लिहिले, आणि ‘द नेक्स्ट टाइम’बरोबर निघालेली त्याची रेकॉर्ड १९६३च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर होती. त्याच वर्षी शीर्षकगीत आणि शॅडोजचे ‘फूट टॅपर’ही तिथे पोचले.

टीव्हीवरचे एक सेटिंग इथे सगळी मजा घालवू शकते. हे चित्रपट २.३५ बाय १ अशा रुंद चौकटीचे आहेत. आजच्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच, चित्र उंचीच्या सुमारे तीन चतुर्थांशात बसते. ‘झूम’ दाबून पट्ट्या घालवल्या की दोन्ही कडा जातात. जुन्या चौकोनी प्रतीत तर रुंदीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग कापलेला असतो: क्लिफ मध्ये आणि शॅडोजचे चौघे आजूबाजूला, अशा रचनेत कडेचे दोघे नाहीसेच होतात. हर्बर्ट रॉसची नृत्ये त्या पूर्ण रुंदीसाठी बसवलेली आहेत. खोक्यावर वाइडस्क्रीन लिहिले आहे का ते पाहा, टीव्हीवर ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ ठेवा, आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारे सेटिंग) बंद करा.

१९६२ आणि १९६३ मध्ये ब्रिटनच्या तिकीटबारीवर सर्वांत लोकप्रिय नट म्हणून क्लिफचे नाव पहिले होते. ‘वंडरफुल लाइफ’ जुलै १९६४ मध्ये आला, आणि त्याच महिन्यात बीटल्सचा ‘अ हार्ड डेज नाइट’. कॅनरी बेटांवरचे चित्रीकरण देखणे आहे, सुझन हॅम्पशायर गोड दिसते, सिनेमाच्या इतिहासाची नक्कल करणारी लांब नृत्यमालिका एकदा पाहायला बरी आहे. पण बीटल्स पडद्यावर धावत होते, उलट उत्तरे देत होते, आणि इथे अजूनही तीच नीटनेटकी पोरे सुट्टीवर निघाली होती. ‘फाइंडर्स कीपर्स’ (१९६६) सोडून दिला तरी चालेल.

‘टू अ पेनी’ मात्र शोधा. १९६६ मध्ये क्लिफने आपली ख्रिस्ती श्रद्धा जाहीर केली, आणि हा चित्रपट अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या प्रचारसंस्थेने काढला. ग्रॅहम स्वतः त्यात दिसतात, आणि उपदेश उघड आहे. तरीही क्लिफ इथे अमली पदार्थांच्या धंद्यात पडलेला, आईशी आणि प्रेयसीशी खोटे बोलणारा पोरगा झाला आहे. डोरा ब्रायनने केलेल्या आईबरोबरचे त्याचे प्रसंग पाहिले की बोंगो हर्बर्टनंतर मधली वर्षे कशी वाया गेली ते कळते. बर्मिंगहॅमच्या कालव्यांवर आणि एका बर्गरच्या हॉटेलावर बेतलेला ‘टेक मी हाय’ (१९७३) ही त्याची शेवटची नायकाची भूमिका. तो त्या शहराच्या प्रेमात असलेल्यांनी घ्यावा. बाकीच्यांनी ते पैसे ‘एक्सप्रेसो बोंगो’च्या ब्लू-रेसाठी राखून ठेवावेत, आणि मागवण्याआधी प्लेअर ‘बी’ क्षेत्राची डिस्क वाचतो का ते एखाद्या मित्राकडची ब्रिटिश डिस्क लावून पाहावे.