तालीम, जिम की रंकाळा? चाळिशीनंतर कुठली वाट धरावी

चाळिशी ओलांडली, पोट सुटलं, डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "साखर काठावर आहे" म्हटलं, की कोल्हापुरात माणसापुढं तीन वाटा येतात. पेठेतली तालीम, चौकातलं जिम, नाहीतर पहाटे रंकाळा तलावाकाठी चालणं. तिन्ही मी केल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तालमीबद्दल मला मनापासून आदर आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्त्यांचं खासबाग मैदान उभारलं आणि या गावाला व्यायामाचं वेड लावलं, ते अजून टिकून आहे. जोर मारले की छाती, खांदे, पाठ, कंबर एकदम कामाला लागतात. बैठकांनी मांड्या तयार होतात. यंत्र लागत नाही, पैसे जवळजवळ लागत नाहीत. शिवाय वस्तादांची नजर असते. पाठ कुठं वाकली, श्वास कुठं चुकला, ते लांबून सांगतात. पण तालमीची मेहनत बेतलेली असते ती विशीतल्या पैलवानासाठी. टाचा उचलून भराभर मारलेल्या शेकडो बैठका पंचेचाळिशीतल्या गुडघ्याला झेपत नाहीत, आणि कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरून डाव खेळायचं आपलं वय राहिलेलं नसतं. दुसरं म्हणजे बहुतेक जुन्या तालमींत बायकांना जागा नाही. नवरा-बायकोनं मिळून सुरुवात करायची असेल तर ही वाट तिथंच बंद होते.

जिमचा मोठा फायदा म्हणजे वजन मोजून वाढवता येतं. आज पाच किलो, पंधरा दिवसांनी साडेसात. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. खाल्लेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच ओढून घेतात, त्यामुळं काठावरच्या माणसाला ताकदीचा व्यायाम टाळून चालत नाही. मात्र शिकवणारा माणूस बघून जिम निवडा, आरसे बघून नको. मला एका ठिकाणी पहिल्याच आठवड्यात झेपणार नाही एवढं वजन उचलायला लावलं आणि महिनाभर कंबर धरून बसावं लागलं. प्रोटीन पावडरचा डबाही लगेच पुढं आला. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५८ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ती डाळ, उसळ, दही, अंडी यांतून घरीच मिळतात.

रंकाळ्याला फुकट चालता येतं, आणि सोबत कुणीतरी असलं की खाडे होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढ्या वेगानं चाला. मात्र नुसत्या चालण्यानं हाता-खांद्यांत ताकद येत नाही. म्हणूनच ती संघटना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायामही करायला सांगते.

आता खाण्याचं, कारण खरी गोम तिथं आहे. आपल्या गावात पैलवानाचा खुराक घराघरात आला, मेहनत मात्र तालमीतच राहिली. अर्धा तास चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. परतताना कट्ट्यावर धारोष्ण म्हशीच्या दुधाचा मोठा पेला घेतला की अडीचशेच्या आसपास पोटात जातात, वर सोळा-सतरा ग्रॅम स्निग्धांश. हजार जोर मारणाऱ्या पोराला ते अंगी लागतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला नाही. कच्च्या दुधातून रोगजंतू जाण्याचा धोका असतो तो वेगळाच, त्यामुळं घरी नेऊन उकळून प्या. गुळाचंही तसंच. आपला गूळ कितीही चांगला असला तरी रक्तातली साखर तो साखरेसारखाच वाढवतो.

तांबडा-पांढरा मी सोडलेला नाही. रविवारी खातो, वरचा तवंग काढून, भाताऐवजी ज्वारीच्या भाकरीबरोबर. मिसळ महिन्यातून दोनदा. मटकीची उसळ वाढवून घेतो, कट कमी. एरवी निम्मं ताट भाजी आणि कोशिंबिरीनं भरलेलं असतं.

माझा कौल विचाराल तर पाच दिवस चालणं, आणि दोन दिवस जोर-बैठका किंवा जिम. जोर पहिल्यांदा भिंतीला हात टेकवून, बैठक खुर्चीपर्यंतच. गुडघे दुखत नसतील आणि वस्ताद ओळखीचे असतील तर त्यांच्याकडून ढब शिकून घ्या. एकट्यानं नेटानं होत नसेल तर जिम धरा. मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल तर त्याला खुशाल तालमीत घाला. रक्तदाब असेल, छातीत कधी दुखलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि वजन उचलताना श्वास कोंडू नका. जिमला वर्षाचे पैसे एकदम भरू नका, तीन महिन्यांचे भरा. आणि सुरुवात जुलैत करणार असाल तर जोर-बैठकांपासून करा. आपल्या पावसात रंकाळ्याची फेरी रोज जमत नाही.