सीओपीडीसोबत दुसरे आजार असताना तीव्रता कशाने मोजावी?

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा, रुग्ण क्वचितच तेवढाच एक आजार घेऊन येतो. सोबत हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा किंवा गुडघ्यांची झीज बहुधा असतेच. त्यामुळे तीव्रतेचे कोणते माप धरावे, हा निवासी डॉक्टरांपुढचा रोजचा प्रश्न आहे.

स्पायरोमेट्रीतील (जोराने फुंकून करायच्या श्वासतपासणीतील) एफईव्ही-1, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, हे त्यातल्या त्यात निर्लेप माप. ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनलिका रुंदावणारे औषध) दिल्यानंतर ते अपेक्षेच्या 50 ते 79 टक्के असल्यास श्वासनलिकांतील अडथळा मध्यम आणि 30 ते 49 टक्के असल्यास तीव्र मानतात. गुडघेदुखीने हा आकडा हलत नाही. मात्र हार्ट फेल्युअर बळावून फुप्फुसांत पाणी साचले असेल तर तो खाली येतो, म्हणून प्रकृती स्थिरावेपर्यंत तपासणी लांबवावी. क्षयाचे जुने व्रण असतील तर फुप्फुसांची एकूण क्षमताच घटलेली असते आणि अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. महाराष्ट्रात तरी ही चौकशी टाळू नये.

एमएमआरसी (धापेची श्रेणी) आणि कॅट (लक्षणांची प्रश्नावली) या लक्षणमापनांची गोष्ट उलट आहे. एमएमआरसी 2 किंवा कॅट 10 झाला, की रुग्ण किमान ‘बी’ या जास्त लक्षणांच्या उपचारगटात जातो आणि दीर्घकाळ परिणाम करणारी दोन ब्रॉन्कोडायलेटर सुरू होतात. पण धाप हृदयामुळे, ॲनिमियामुळे की वजनामुळे लागते, हे प्रश्नावली विचारत नाही. कॅटमधील झोप आणि उत्साहाचे गुण तर नैराश्यानेही वाढतात. मग हृदयासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळीची गरज असलेल्या माणसाचा इनहेलर वाढतो.

मृत्यूचा धोका सांगण्यासाठी 2004 मध्ये मांडलेल्या बोड निर्देशांकात वजन (उंचीच्या मानाने, म्हणजे बीएमआय), अडथळा, धाप आणि सहा मिनिटांची चाल यांना मिळून 0 ते 10 गुण आहेत. एफईव्ही-1 55 टक्के, एमएमआरसी 2 आणि बीएमआय 27 असलेला रुग्ण 380 मीटर चालला तर बोड 2 येतो. तोच गुडघ्यांमुळे 230 मीटरवर थांबला तर बोड 4 होतो आणि फुप्फुसांत काहीही न बिघडता तो वरच्या जोखीमगटात जातो. चालणे कशामुळे थांबले, धापेने की दुखण्याने, हे अहवालात लिहिलेच पाहिजे. माझ्या मते ती नोंद गुणांइतकीच मोलाची आहे. अशा रुग्णासाठी वय, धाप आणि अडथळा एवढेच पाहणारा एडीओ निर्देशांक बरा, जरी धापेचा घोळ त्यातही उरतो.

सहव्याधींनाच गुण देणारा कोट निर्देशांक 2012 मध्ये आला. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाला 6, एट्रियल फिब्रिलेशनला (हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या विकाराला) 2, हार्ट फेल्युअरला 1 गुण आहे आणि गुडघ्यांच्या झिजेला एकही नाही, कारण तो धाप नव्हे तर मृत्यूचा धोका मोजतो. मूळ अभ्यासात 4 किंवा अधिक गुण असलेल्यांचा हा धोका 2.2 पट आढळला. इनहेलर ठरवताना कोटचा उपयोग नाही. नातेवाइकांशी पुढच्या वाटचालीबद्दल बोलताना मात्र बोडच्या जोडीला तो हाताशी असावा.