माजी आमदाराची कारकीर्द शोधताना कोणती सेवा कितपत कामाची: गणपतराव देशमुखांच्या नोंदींवरून

एखाद्या माजी आमदाराची माहिती हवी असली की बहुतेक जण वर्तमानपत्रातले दोन लेख वाचतात आणि "इतक्या वेळा निवडून आले" एवढ्यावर थांबतात. कागदोपत्री नोंदी खरं तर सगळ्यांसाठी खुल्या आहेत, तेही फुकट. त्या चार ठिकाणी विखुरलेल्या आहेत: भारत निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल, उमेदवारांची शपथपत्रं (आयोगाचं पोर्टल आणि निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या एडीआर या संस्थेचं मायनेता हे संकेतस्थळ), महाराष्ट्र विधानमंडळाचं संकेतस्थळ आणि माहितीचा अधिकार. कोणती नोंद कुठे भरवशाची आहे आणि कुठे फसवते, हे पाहायला सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांइतकं चांगलं उदाहरण नाही. शेतकरी कामगार पक्षाचे अकरा वेळा आमदार, पहिला विजय १९६२ चा आणि शेवटचा २०१४ चा. एवढ्या लांब कारकिर्दीत प्रत्येक सेवेची कसोटी लागते.

सुरुवात आयोगाच्या सांख्यिकी अहवालांपासूनच करावी. महाराष्ट्राच्या १९६२ पासूनच्या प्रत्येक सार्वत्रिक विधानसभा निवडणुकीचा अहवाल तिथे आहे. त्यात 'तपशीलवार निकाल' हा भाग उघडायचा. मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराचं नाव, पक्ष, मतं आणि टक्केवारी, म्हणजे पडलेल्यांचीही नोंद मिळते. हेच या सेवेचं मोठेपण आहे. जिंकलेल्यांच्या याद्या कुठेही सापडतात, पण माणूस कुणाकडून आणि किती मतांनी हरला हे इथेच कळतं. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला, ही गोष्ट नुसत्या विजयांच्या यादीत कधीच दिसणार नाही.

आता अडचणी. पहिली शोधाची. अहवालाचा मजकूर इंग्रजीत आहे आणि मतदारसंघाचं नाव 'सांगोला' नसून बहुतेक ठिकाणी 'सांगोले' या रूपात रोमन अक्षरांत लिहिलेलं आहे. 'सांगोला'चं रोमन स्पेलिंग टाकून शोध घेतला की काहीच हाती लागत नाही आणि अहवालच अपुरा आहे असं वाटतं. नावाचा क्रमही बदलतो, कधी आडनाव आधी तर कधी शेवटी. म्हणून व्यक्तीच्या नावाने शोधण्याऐवजी जिल्ह्यातले मतदारसंघ क्रमाने पाहत जावं. मतदारसंघ क्रमांकावरही विसंबू नये. आजचा २५३ हा क्रमांक २००८ च्या पुनर्रचनेनंतर, २००९ च्या निवडणुकीपासूनचा आहे, त्याआधीचे क्रमांक वेगळे.

क्रमांकापेक्षाही महत्त्वाची बाब हद्दीची आहे. विधानसभेच्या जागा १९६२ मध्ये २६४ होत्या, १९६७ ला २७० झाल्या आणि १९७८ ला २८८. या दोन्ही वेळी आणि पुन्हा २००९ ला नकाशा नव्याने आखला गेला. आजच्या सांगोला मतदारसंघात पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळही आहे. त्यामुळे १९६२ ची मतं आणि २०१४ ची मतं एका आलेखावर ठेवून "पाया वाढला" किंवा "घटला" असं म्हणणं चुकीचं ठरतं. तुलना करायचीच तर १९७८ ते २००४ हा एक गट आणि २००९ पासूनचा दुसरा.

पक्षांची लघुनावं हा आणखी एक सापळा. शेकाप जुन्या अहवालांत 'पीडब्ल्यूपी' आहे आणि अलीकडच्या अहवालांत 'पीडब्ल्यूपीआय'. पक्ष तोच, पण गणकपत्रकात (स्प्रेडशीटमध्ये) दोन वेगळे पक्ष म्हणून मोजले जातात. काँग्रेसच्या बाबतीत तर फार जपावं लागतं. १९७८ ला काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस वेगळ्या लढल्या, त्या अहवालात त्यांच्या जागा अनुक्रमे ६९ आणि ६२. १९८० ला 'आय' (इंदिरा) आणि 'यू' (अर्स), १९८५ ला शरद पवारांची समाजवादी काँग्रेस. एखादा आमदार या काळात एकाच गटात राहिला तरी कागदावर त्याने पुन्हा पुन्हा पक्ष बदलल्यासारखं दिसतं. त्या काळातल्या कोणत्याही माजी आमदाराला 'पक्षबदलू' ठरवण्याआधी ही लघुनावं नीट लावून घ्या. गणपतरावांना हा प्रश्न आलाच नाही, कारण ते आयुष्यभर एकाच पक्षात राहिले. त्यांचे प्रतिस्पर्धी शहाजीबापू मात्र १९९५ ला काँग्रेसच्या रकान्यात आहेत आणि २०१९ ला शिवसेनेच्या.

आणि सगळ्यात मोठी त्रुटी: सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते. १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४ असे अहवाल एकामागून एक चाळले तर गणपतरावांचे विजय दहाच भरतात. अकरावा कुठे गेला? १९७२ ला ते हरले होते आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विधानसभेत आले. पोटनिवडणुकांचे निकाल आयोगाने वेगळे ठेवले आहेत, ते वेगळे पाहावेच लागतात. अहवालांतली संख्या आणि लोकांच्या तोंडी असलेली संख्या यांत एकाचा फरक आला की आधी पोटनिवडणूक तपासा.

कार्यकाळाच्या वर्षांतही अशीच गफलत होते. १९६२ ते २०१९ अशी सरळ वजाबाकी केली की ५७ वर्षं येतात. त्यातून १९७२ ते १९७४ आणि १९९५ ते १९९९ हे दोन खंड वगळले की प्रत्यक्ष सभागृहातला काळ सुमारे ५१ वर्षांचा उरतो. हाही आकडा थोर आहे, त्याला फुगवायची काही गरज नाही. 'देशातला विक्रम' हे विशेषण वापरतानाही जपावं. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. त्यातली १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही, तरी ती वगळून बारा उरतात.

शपथपत्रांकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावं लागतं. म्हणजे महाराष्ट्र विधानसभेसाठी ही माहिती २००४ पासूनच मिळते. गणपतरावांच्या अकरापैकी शेवटच्या तीनच निवडणुका या टप्प्यात येतात. मायनेतावर २००४ पासूनच्या निवडणुकांची पानं आहेत. मांडणी सोपी आहे आणि उमेदवारांची तुलना चटकन होते. पहिल्या नजरेसाठी यापेक्षा सोयीचं काही नाही.

पण मायनेताचा आकडा थेट उचलू नये, मूळ शपथपत्राची स्कॅन प्रत उघडून ताडून घ्यावा. अनेक शपथपत्रं मराठीत, काही हाताने लिहिलेली असतात. 'हेक्टर-आर'मधली जमीन, स्वतःची आणि जोडीदाराची मालमत्ता, वारसाहक्काने आलेली मिळकत हे सगळं इंग्रजी तक्त्यात बसवताना चूक होऊ शकते. शिवाय उमेदवाराला चारपर्यंत नामनिर्देशनपत्रं भरता येतात आणि सुधारित शपथपत्रही येऊ शकतं, तेव्हा समोरची प्रत कोणत्या तारखेची आहे ते पाहा.

वर्षांची तुलना करताना नमुना २६ मध्ये, म्हणजे शपथपत्राच्या ठरलेल्या नमुन्यात, झालेले बदल लक्षात ठेवा. २०१३ च्या न्यायालयीन निकालानंतर रकाना कोरा ठेवता येत नाही, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावंच लागतं. २०१८ मध्ये प्रलंबित गुन्ह्यांचा तपशील अधिक सविस्तर मागितला गेला आणि २०१९ पासून मागच्या पाच वर्षांचं उत्पन्न द्यावं लागतं. म्हणून २००९ च्या शपथपत्रात गुन्हे कमी आणि २०१९ च्या शपथपत्रात जास्त दिसले तर त्यातला काही भाग नमुना बदलल्यामुळेही असू शकतो. मालमत्तेची किंमत उमेदवाराने स्वतः सांगितलेली असते, हेही विसरू नये.

आडनावाने शोधताना सांगोल्यात आणखी एक घोळ होतो. २०१९ ला गणपतराव लढले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापू पाटलांकडून ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. तीन देशमुखांच्या नोंदी एकात मिसळल्या की आजोबांच्या खात्यावर नातवाचा पराभव जमा होतो.

विधानमंडळाचं संकेतस्थळ ही सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात त्रासदायक सेवा. सभागृहात माणसाने काय केलं याचा पुरावा इथेच आहे: तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांच्या याद्या, नियम १०५ खालच्या लक्षवेधी सूचना, नियम २९३ खालच्या चर्चा, अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली) विधेयकं आणि कामकाजाचा वृत्तांत. वृत्तांताच्या पानांवर 'असुधारित प्रत / प्रसिद्धीसाठी नाही' असा शेरा असतो. तो शेरा असेल तर शब्दशः अवतरण देण्याआधी सुधारित छापील खंड शोधावा. बऱ्याच जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे मराठी शब्द टाकून शोध चालत नाही आणि मजकूर उचलला तर अगम्य अक्षरं येतात. अशा वेळी दिवसाच्या कामकाजाचा क्रम पाहून थेट पान गाठणं हाच मार्ग. जिथे शोध चालतो तिथे व्यक्तीच्या नावापेक्षा विषयाने शोधा. गणपतरावांसाठी टेंभू आणि म्हैसाळ या सिंचन योजना, रोजगार हमी, सूतगिरणी हे शब्द जास्त देतात. नुसतं 'श्री. देशमुख' पुरत नाही, कारण विलासरावांपासून सभागृहात देशमुख बरेच होऊन गेले.

प्रश्नांची संख्या मोजून आमदाराला गुण देण्याची पद्धत आहे, तिच्याबद्दल सावध राहावं. एकाच तारांकित प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावं असतात. पहिलं नाव कुणाचं, उपप्रश्न प्रत्यक्ष कुणी विचारला आणि उत्तरावर पाठपुरावा कुणी केला हे वृत्तांतातच कळतं, यादीत नाही. गणपतराव १९७८ आणि १९९९ च्या आघाडी सरकारांत मंत्री होते. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. तो काळ वगळला नाही तर सरासरीच बिघडते. प्रजा फाउंडेशन या संस्थेची आमदारांची प्रगतिपुस्तकं चांगली आहेत, पण महाराष्ट्रात ती मुख्यतः मुंबईच्या आमदारांची, सांगोल्याला त्यांचा उपयोग नाही.

विधानसभांचे अनुक्रमही तपासून घ्या. पहिली विधानसभा १९६० ची, १९५७ ला द्विभाषिक मुंबई राज्यात निवडून आलेल्या सदस्यांची. १९६२ ची दुसरी, २०१४ ची तेरावी. १९६२ ला पहिली धरलं की पुढचे सगळे अनुक्रम एकाने चुकतात आणि सदस्यांच्या परिचय पुस्तिका भलत्याच काढल्या जातात. या पुस्तिका जन्मतारीख, शिक्षण, संस्था यांसाठी उपयोगी आहेत, मात्र त्यातली माहिती सदस्याने स्वतः दिलेली असते.

आमदार निधीचा हिशेब यापैकी कुठेच एकत्र मिळत नाही. त्यासाठी जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करावा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, छायांकित प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "निधीची माहिती द्यावी" असं मोघम लिहू नये. आर्थिक वर्ष, कामाचं नाव, गाव, शिफारशीची तारीख, प्रशासकीय मान्यतेची रक्कम, प्रत्यक्ष खर्च, कार्यान्वयन यंत्रणा आणि काम पूर्ण झाल्याची तारीख असे रकाने पाडून मागावं. शिफारस केलेली कामं आणि पूर्ण झालेली कामं या दोन वेगळ्या याद्या आहेत, प्रचारपत्रकात बहुतेक वेळा पहिली छापलेली असते.